भुवईवरची खूण

त्या प्रकरणाचा विषय निघाला की मला आजही एका जागी बसवत नाही. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, बायको म्हणते, आता तरी अंगणातल्या येरझारा थांबवा. पण ठाण्यात बंद झालेल्या काही फायली डोक्यात उघड्याच राहतात.

मी तेव्हा वाशीम जिल्ह्यात मानोऱ्याकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. हद्दीत तांडे पुष्कळ. सोयाबीन घरात आलं की तांड्यातली माणसं कामाला बाहेर पडत. पूर्वी सगळी ऊसतोडीला जायची, नवरा-बायको जोडीनं, पोरंबाळं घेऊन. अलीकडे तरणी मंडळी एकटीच मुंबईला जाऊ लागली होती. तिथे समुद्राकाठच्या जुन्या गिरण्या आणि गोदामं पाडून साठ-साठ मजल्यांचे मनोरे उभे राहत होते, आणि त्यांच्या सळ्या बांधायला आमच्या हद्दीतले हात लागत होते.

एके दिवशी सकाळची हजेरी चालू असतानाच मुंबईहून फोन आला. अशाच एका मनोऱ्याच्या बत्तिसाव्या मजल्यावरून आमच्या हद्दीतला एक मजूर पडून मेला होता. आधी मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल झाला. पण त्याच्यासोबत काम करणारा, त्याच तांड्यातला जोडीदार साइटवरून पळाला होता. त्या सकाळी दोघांचं जोरात भांडण झालेलं तिघा परप्रांतीय मजुरांनी पाहिलं होतं. तो पडला तेव्हा जोडीदाराचा हात त्याच्या अंगावर होता, असंही ते सांगत होते. खुनाचा संशय होता. माणूस शोधून द्या, एवढंच आमचं काम.

प्रेत तांड्यात आलं, अंत्यविधी झाला, बंदोबस्ताला मी स्वतः उभा होतो. तिसऱ्या दिवशी खबर आली. फोन करणारा होता मयताचा मेहुणा, त्याच्या बायकोचा सख्खा भाऊ. म्हणाला, "साहेब, तो नाल्याकडच्या तुरीत हाय. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत लपून राह्यला. पण त्याले मारू नका."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मयताच्या घरच्या माणसानं संशयिताला मारू नका म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकत होतो. तरी त्यावर क्षणभर थांबलो नाही. माणूस हाती लागायची घाई होती. ती चूक माझी.

जमादारानं खोलीचं दार ठोठावलं, तर तो मुकाट बाहेर आला. ठाण्यात आणून आधी त्याला जेवू घातलं. माझी ती पद्धतच होती. पोटभर जेवलेल्या माणसाला खोटं रचायचा कंटाळा येतो, असा माझा अनुभव आहे.

"भांडण काहून झालं?" मी विचारलं.

"मी त्याले म्हटलं, आज वर नको जाऊ. सकाळपासून त्याचे डोये बरे दिसत नोयते. तो आयकेच ना."

"मग?"

"वर गेल्यावर फिट आली त्याले, साहेब. पट्ट्याचा हुक काढून दुसरीकडे लावायच्या टायमालेच. म्या हात धरला होता. सुटला."

"आणि तू पळाला काहून?"

"सुपरवायझर म्हणे, तूच जवळ होता, तुह्यावरच येईन. निंघ इथून."

मला त्याचं बोलणं खरं वाटलं. पण ठाणेदाराला वाटून काय उपयोग, कागदावर काही हवं. ती भांडणारी माणसं आपल्या बोलीत काय बोलली, हे साक्षीदारांना कळणारच नव्हतं. म्हणून मी तांड्यात गेलो. मयताच्या बायकोला विचारलं, त्याला काही दुखणं होतं का. तिनं आधी भावाकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाही." तांड्याच्या प्रमुखानं, नाईकानं तेच सांगितलं, शेजाऱ्यांनी तेच. दहा घरं फिरलो, दहाही घरी एकच उत्तर, एकाच चालीत. लोक एकच गोष्ट खरी सांगतात तेव्हा ती प्रत्येकाच्या तोंडून थोडी वेगळी येते. इथे तसं नव्हतं. सगळ्यांचं ठरलेलं होतं, आणि त्यात एक निरपराध माणूस जन्मठेपेकडे निघाला होता.

त्याला मुंबईच्या पथकाच्या ताब्यात दिलं की माझं काम संपत होतं. पण चैन पडेना. वरिष्ठांची परवानगी काढली आणि मी सोबत गेलो.

ती जागा मी विसरणार नाही. एका बाजूला भरतीचं काळपट पाणी, दुसऱ्या बाजूला काचेचे मनोरे, एक संपत नाही तोवर दुसरा. गिरणीची जुनी चिमणी तेवढी शोभेला ठेवून तिला रंग दिला होता. पत्र्याच्या कुंपणावर हसऱ्या कुटुंबाचं चित्र, मागे पोहण्याचा तलाव. कुंपणाच्या आत, फाटकाजवळ, पत्र्याची एक खोली. उंचीवर काम करणाऱ्याची तिथे तपासणी व्हायची. मी पोचलो तेव्हा रांग लागली होती. टेबलामागचा डॉक्टर नाव विचारत होता, रक्तदाब बघत होता, शिक्का मारत होता. पाऊण तास उभा होतो. इतक्या वेळात त्यानं कुणाच्या तोंडाकडे पाहिलं असेल तर शपथ.

मुंबईच्या तपास अधिकाऱ्यानं मयताच्या तपासणीचा दाखला पुढे केला. "बघा, चक्कर नाही, फिट नाही, उंचीवर कामास योग्य. तुमचा माणूस खोटं बोलतोय."

मी दाखला वाचला. शेवटी छापील रकाना होता, ओळखीची खूण. तिथे लिहिलं होतं, उजव्या भुवईवर जुन्या जखमेचा व्रण. तपासणीतली तेवढीच गोष्ट कुणीतरी इमानदारीनं लिहिली होती, बहुतेक कंपाउंडरनं. मी प्रेताचा पंचनामा मागवला. त्यात भुवईवर व्रण नव्हता. मला तो व्रण दुसऱ्याच एका चेहऱ्यावर आठवत होता. अंत्यविधीला तो माणूस माझ्यासमोरच उभा होता.

परत आलो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेहुण्याला ठाण्यात बोलावलं. दाखल्याची प्रत समोर ठेवली आणि तो रकाना वाचून दाखवला. त्याचा हात आपसूक भुवईकडे गेला.

"भावजीले लहानपणापासून फिट येत होती," तो म्हणाला. "टेस्टले त्याच्या नावानं मीच गेलो. तांड्यातले लय जण असंच करतात साहेब. ज्याले जमते तो दुसऱ्याची देते. आता सांगितलं तं सगळ्यायचे टेस्टचे पास तपासतीन, म्हणून नाईकानं तोंड बंद ठेवाले सांगितलं."

"आणि तुझ्या गावचा माणूस फुकट जेलात जाऊन राह्यला, ते?"

"म्हणूनच फोन केला तुमाले. वाटलं, तुमी पकडसान तं तुमीच खरं काढसान." मग मी काही न विचारताच तो म्हणाला, "यात माही बहीण नाही. तिले काहीच मालूम नोयतं."

न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पोलिसाला सगळ्यात जास्त सांगून जातं. मी ते ऐकलं आणि पुढे काही विचारलं नाही. त्याच्या जबाबात बहिणीचा उल्लेख येऊ दिला नाही.

जोडीदार सुटला. मेहुण्यावर तोतयेगिरी आणि फसवणुकीचा गुन्हा लागला, त्याला मुंबईला नेलं. डॉक्टरबद्दल आणि 'निंघ इथून' म्हणणाऱ्या सुपरवायझरबद्दल मी लेखी अहवाल पाठवला, स्मरणपत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. मनोरा मात्र वेळेत पूर्ण झाला. याचा मला राग आहे आणि तो लपवायचं आता काही कारण नाही.

महिनाभरानं ती बाई, मयताची बायको, ठाण्यात आली. मला वाटलं, मृत्यूची कागदपत्रं हवी असतील. ती माझ्या टेबलासमोर उभीच राहिली.

"भावाले म्याच धाडलं होतं टेस्टले," ती म्हणाली. "ऊसतोडीले जोडीनं जा लागते. गेलो की पोरीची शाळा सुटते. ती चौथीत हाय. म्हणून म्या म्हटलं, तुह्या भावजीले मुंबईतच राहू दे, एक डाव त्याच्या नावानं तू उभा राह्य. त्याले फिट येते हे मले सगळ्यायच्या आधी मालूम होतं." मग म्हणाली, "माहं नाव लिहा साहेब. तो एकटा काहून भोगते?"

मी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. स्टेशन डायरी समोर उघडी होती, पेन हातात होता. तिचं नाव लिहिलं तर पोरीजवळ कोण राहणार, हे मला कळत होतं. न लिहिलं तर मी काय करतो आहे, हेही कळत होतं.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. नोकरीभर मी माणसांना खरं बोलायला लावत आलो. कुणाला धाक दाखवून, कुणाला जेवू घालून. न बोलावता, आपल्या पायांनी येऊन खरं सांगणारी ती एकच भेटली, आणि तेव्हा मला कळलं की खरं वदवून घेणं सोपं असतं, ते ऐकून घेणं अवघड.

"जा बाई, घरी जा," मी काही न लिहिता डायरी मिटत म्हणालो. ती गेली नाही. संध्याकाळची हजेरी होईपर्यंत ती ठाण्याच्या पायरीवर बसून होती, आणि मी मागच्या दारानं घरी गेलो.