उकंडरावांची हाफ

दारूबंदी सैल झाली आणि कनेरगाव नाक्यावर सरकारमान्य दुकान निघालं, त्या वर्षी उकंडरावांना आयुष्यात पहिल्यांदा एक विषय नीट आला. शाळेत पावकी-निमकीपायी मास्तरांनी त्यांचे कान लाल केले होते. बाटल्यांची पावकी मात्र छडीशिवाय पाठ झाली. कुणी नाक्याकडं निघालेला दिसला, की उकंडराव पारावरून हटकत, "नीप घेऊ नको, ते लेकराचं औषध! दोन नीपची क्वार्टर, दोन क्वार्टरची हाफ, दोन हाफचा खंबा. समजलं का?" ऐकायला कुणी थांबत नसे. तरी आपण गावाला शहाणं करतोय, असं त्यांना मनापासून वाटे.

त्यांचा स्वतःचा रतीब रोज एका क्वार्टरचा. पण पोळ्याला ती जास्तच चढली, त्यांनी बैलाची झूल स्वतःच पांघरली आणि वेशीपर्यंत मिरवून आले. बैल बिचारा उघडाच राहिला. बायको मनकर्णा पेटली. तिनं लेकीला, शालूला, पुढं उभं केलं.

"हिच्या डोक्यावर हात ठेवा. पुरती सुटत न्हाई तं न्हाई, पर आजपासून अर्धीच पिईन म्हणा."

उकंडरावांनी डोकं खाजवलं. मग एकाएकी त्यांचा चेहरा उजळला. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून ते खणखणीत आवाजात म्हणाले, "शालूची आण. आजपासून रोज अर्धीच!"

मनकर्णाचे डोळे भरून आले. साधी बाई, तिला वाटलं देव पावला.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या पिशवीतून निघालेली बाटली मात्र चांगली ऐसपैस होती.

"अवो, आण घेतली ना तुमी? मंग ही एवढी मोठी काहून?"

"अर्धीच हाय. अर्धी म्हंजे हाफ. मी शब्दाला जागून राहिलो," उकंडराव म्हणाले आणि बैठक मारून त्यांनी बायकोला सगळी मापं शिकवली. तिनं निमूट ऐकलं, एक-दोन ठिकाणी पुन्हा विचारूनही घेतलं. तिला विषयाची गोडी लागली म्हणून ते खुशीत घोरू लागले. पोटच्या पोरीची आण पाण्यासारखी पिऊन टाकल्यावर माणसाला झोप तरी कशी लागते!

दिवाळीला मनकर्णा शालूला घेऊन माहेरी, हट्ट्याला निघाली. दरवर्षी ती पंधरवडाभर राहायची. कापूस वेचणीला आलेला, म्हणून एसटीच्या खिडकीशी उकंडराव म्हणाले, "अवंदा अर्धेच दिवस राहा."

"बरं. अर्धेच," ती म्हणाली.

आठवडा सरला, पंधरवडा सरला. उकंडराव स्वतःच्या हातच्या करपलेल्या भाकरी गिळत होते. बायको नांदणं सोडून गेली, अशी कुजबुज पारावर सुरू झाली. ती ऐकल्यापासून त्यांना तो पार नकोसा झाला. सांजच्याला रिकामं घर खायला उठे. ती परत येते की नाही, या धास्तीनं त्यांना हाफसुद्धा चढेना.

महिना भरला आणि मनकर्णा दारात उभी राहिली.

"अगं, अर्धे दिवस म्हणली होतीस!" त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

"अर्धेच राहिले की. नेमानं राहते ती माझी क्वार्टर. ही हाफ झाली." शालूला आत धाडून तिनं पदर खोचला. "खंबा अजून बाकी हाय. तो मी घेतला, तं परत या घरी येणार न्हाई."