टेपवाल्या बाई आणि परके कान

बाई मुलांचं बोलणं ऐकताना त्यांच्याकडे पाठ करून बसत. चेहरा दिसला की अर्धं बोलणं आपण डोळ्यांनीच ओळखतो, असं त्यांचं म्हणणं. नाशिकरोडच्या त्यांच्या दोन खोल्यांत उच्चार नीट न जमणारी मुलं येत. टेबलावर कायम टेपरेकॉर्डर, म्हणून त्या टेपवाल्या बाई. एका लग्नात भटजींचा 'ष' ऐकून त्यांनी मंगलाष्टकं संपताच त्यांच्या हातात आपलं कार्ड ठेवलं होतं.

माझ्या मुग्धाचं बोलणं सहाव्या वर्षापर्यंत फक्त घरच्यांना कळे. 'क'च्या जागी 'त' यायचा. मुलं वेडावू लागली तशी ती शाळेत बोलेनाशी झाली. तिला मतिमंद मुलांच्या शाळेत घाला, असं मुख्याध्यापिकांनी सुचवलं, तेव्हा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली ड्यूटी संपवून मी तिला बाईंकडे नेलं. बाईंनी तिला नाव विचारलं. उत्तर मी दिलं.

"तुम्हाला नाही विचारलं," बाई म्हणाल्या.

मुलांचं बोलणं टेप करून त्या अनोळखी माणसांना ऐकवत. गॅसवाला, पोस्टमन, कुणीही. मुग्धाची टेप दारावर फुलं विकणाऱ्या मखमलाबादच्या मावशींनी दोनदा ऐकली. "पोर लय गोड बोलती, पण काय म्हणती ते नाय कळलं."

मला राग आला. मला तर शब्द न् शब्द कळत होता.

"तुमचा कान सरावलाय," बाई म्हणाल्या. "तिला जन्मभर बोलायचंय ते परक्या कानांशी."

तीन महिने गेले. अजून 'त'च येतोय, असं मी वैतागून म्हणालो. बाईंनी माझ्या कानांवर हेडफोन चढवला आणि मुग्धाच्या आवाजातले 'ताई' आणि 'काकू' हे दोनच शब्द पुन्हा पुन्हा लावले. बऱ्याच वेळानं मला जाणवलं, की 'काकू'तला 'त' किंचित जाड आहे, मागून येतोय.

"ती दोन वेगळे आवाज काढतेय," बाई हळू म्हणाल्या. "आपण दोन्ही एकाच खणात टाकतो, आणि चूक तिची म्हणतो."

त्या दिवशी घरी येताना मी मुलीला एकदाही सुधारलं नाही.

उन्हाळ्यापर्यंत तो आवाज मागे सरकत जागेवर आला. नवी टेप ऐकून मावशी म्हणाल्या, "काकूला हाक मारती ना ती?" मग बाई स्वतः शाळेत गेल्या, मुख्याध्यापिकांना पाठमोरं बसवलं आणि मुग्धाला धडा वाचायला लावला. ती त्याच शाळेत राहिली. मी पेढे घेऊन गेलो, तर बाईंनी एक उचलला आणि म्हणाल्या, "आता येऊ नका. इथंच येत राहिलेली मुलं रस्त्यात बोलायला शिकत नाहीत."

दहाबारा वर्षांनी बाई गेल्या. पुण्याला शिकणाऱ्या मुग्धाला मी फोन केला. ती बोलू लागली, पण रडण्यात शब्द विरत होते. तिला काय म्हणायचंय ते मला कळल्यासारखं वाटलं. तरी मी ते बोललो नाही. "पुन्हा सांग," म्हणालो, आणि ती सांगेपर्यंत थांबलो.