नकार इंग्रजीत यायचा

आमच्या घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटीच. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मराठी आणि कन्नड यायचं. चिकपेटेतल्या कापडाच्या दुकानाला तेवढं पुरत होतं. त्यामुळे माझ्या लग्नाच्या बोलण्यांतले नकार मलाच मोठ्यानं वाचून दाखवावे लागत. आहे की नाही गंमत? नापास मी, आणि निकाल वाचणारीही मीच!

मुलाकडचे आमच्यासारखेच, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात मुरलेले. समोर बसून मराठीत गप्पा मारायचे, केसरीभात दोनदा मागून घ्यायचे. नकार मात्र कार्डावर, इंग्रजीत. मराठीत लिहायचं तर ‘मुलगी पसंत नाही’ असं सरळ लिहावं लागलं असतं. तेवढी छाती होती कुणाची?

पहिलं कार्ड आलं तेव्हा मी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला होते. ‘वी रिग्रेट’ इथंच अडले. हे क्रियापद मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेत इंग्रजीच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “हातून काही चुकलं, काही राहून गेलं, की त्याचं मनापासून वाईट वाटणं.” घरी येऊन मी अण्णांना तसंच सांगितलं, “त्यांना वाईट वाटतंय.”

अण्णांचा चेहरा खुलला. “वाईट वाटतंय ना? मग अजून जमेल की!” असं म्हणून त्यांनी टोपी चढवली आणि थेट त्या लोकांचं बसवनगुडीतलं घर गाठलं. तासाभरात परत आले. त्यांना बसा म्हणायचीसुद्धा कुणी तसदी घेतली नव्हती. दारातूनच बोळवण केली होती. माझ्या एका शब्दापायी बापाचा असा पाणउतारा! मी संतापानं रडले. मग शाळेत जाऊन बाईंनाच जाब विचारला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “अर्थ मी सांगितला तोच आहे. पण अशा पत्रांत वाईट वाटत नसलं तरी तो शब्द लिहितात.”

पुढं आणखी दोन कार्डं आली. मी अर्थबिर्थ सांगायच्या फंदात पडले नाही. “नको म्हणतायत,” एवढंच सांगायचे आणि कामाला लागायचे.

दरम्यान मला एका प्राथमिक शाळेत नोकरी लागली. पहिलीचा वर्ग. पोरं नाकातला शेंबूड माझ्या पदराला पुसायची, पण आठवड्याभरात पाटीवर स्वतःचं नाव काढायची. त्या वर्गात मी कुणाला पसंत पडायची वाट पाहत नव्हते. फार सुखात होते.

आणि नेमका तेव्हाच एका नव्या स्थळाकडून होकार आला. मुलगी पसंत आहे, मात्र लग्नाआधी तिनं नोकरी सोडावी. आईनं देवापुढं साखर ठेवली.

“मी नोकरी सोडणार नाही,” मी म्हटलं.

“अगं बाई! मुलीकडच्यांनी कधी नाही म्हणायचं असतं का? घोडनवरी होऊन बसायचंय?” आई कडाडली. अण्णा टोपी चढवून दुकानाला निघून गेले. दोन दिवस आई भांडी आपटत होती.

अण्णांची इंग्रजी पत्रं मीच लिहायचे आणि ते न वाचता सही करायचे. मनात आणलं असतं तर काहीही लिहून सही घेतली असती. पण बापाला फसवून राखलेली नोकरी मला नको होती. तिसऱ्या दिवशी सकाळी, ते दुकानाला निघायच्या आत, मी लिहिलेला नकार घेऊन समोर उभी राहिले. सुरुवातच ‘वी रिग्रेट’ अशी केली होती. मुलाकडच्यांचाच शब्द मुलाकडच्यांच्या तोंडावर फेकायची खुमखुमी होती मला.

मी सगळं मराठीत सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं.

“म्हणजे तुला वाईट वाटतंय?”

“मुळीच नाही!”

“मग त्यांच्यासारखं खोटं कशाला लिहितेस? दुसरा कागद घे. मराठीत लिही.”

आई काही बोलणार होती. “स्वल्प थांब,” अण्णा तिला म्हणाले.

मी लिहिलं, ‘मुलगी नोकरी सोडणार नाही.’ अण्णांनी चष्मा लावून ते अक्षरन्‌अक्षर वाचलं. मग माझ्या हातातलं पेन घेतलं आणि सही करण्याआधी खाली आपल्या हातानं लिहिलं, ‘आणि आम्ही तिला सोड म्हणणार नाही.’