मामीच्या चिंध्यांची टोपली

माझ्या मामाचा उभा जन्म तेलाच्या घाण्यावर गेला. त्याच्या कपड्यांना, उशीला, अगदी रागालासुद्धा तेलाचा वास यायचा. मामी घरी बसून शिंप्याची काजं करायची. तिची बोटं सुजून लाल झाली, सुई धरवेना, तेव्हा तिनं खापर मामावरच फोडलं. "तुमच्या सूर्यफुलाच्या तेलानंच झालंय हे!"

डॉक्टरीणबाई हसल्या. "तेलानं सूज येते म्हणायला काही पुरावा नाही. हवं तर जवसाचं तेल घ्या, झाला तर थोडा फायदा होईल. पण सांध्यांच्या गोळ्या सोडू नका." मामीनं यातलं सोयीचं तेवढं ऐकलं. जवसाचं तेल ती चमच्यानं प्यायची आणि त्यातच भिजवलेल्या चिंध्या बोटांना बांधायची. सोडलेल्या चिंध्या कोपऱ्यातल्या टोपलीत टाकायची.

एका दुपारी तिनं मला बोलावलं. "हात घालून बघ."

मी घातला आणि झटकन बाहेर काढला. आतून गरम, तापानं फणफणलेल्या माणसाच्या कपाळासारखं. जवळ ना शेगडी, ना ऊन.

"माझ्या बोटांतली आग तिथं गेलीय," ती कुजबुजली, टोपलीला ऐकू जाऊ नये तशी. सूज ओसरली होती, हे खरं. गोळ्यांनीच ओसरली असेल, पण त्या तर मामीनं आता बंद केल्या होत्या.

मामाला कळलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. जवसाच्या तेलाच्या चिंध्या ढिगात ठेवल्या की आपोआप तापतात, पेटतातसुद्धा. घाण्यावर त्या नेहमी सुट्या वाळत घालतात. हे घरात सांगावं, असं त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्यानं बडबडत एकेक चिंधी दोरीवर टांगली. टोपली गार पडली.

दुसऱ्या दिवशी मामीची बोटं टम्म फुगली. मामानं तिचा हात हातात घेतला आणि तसाच बसून राहिला. मीही हात लावून पाहिला. अगदी तीच ऊब. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"परत आली बघा," मामी म्हणाली.

"गोळ्या सोडल्या म्हणून आली!" मी ओरडले. मामीनं कोपऱ्यातल्या टोपलीकडे बोट दाखवलं.

"टोपली होती तशी भरा. मग घेते गोळी."

मामानं भरली. तेव्हापासून मामी गोळी घेते आणि बाहेरच्या खोलीत काजं करते. मामानं घाणा दुसऱ्याच्या हवाली केलाय. पाण्याची बादली घेऊन तो दिवसभर टोपलीशेजारी स्टुलावर बसतो, मधूनच चिंध्यांवर हात ठेवून बघतो.

"मामा, तूपण हे मानायला लागलास?" न राहवून मी विचारलं.

"मी कशाला मानू?" त्यानं हात काढला नाही. "पण ती म्हणते, तिचं दुखणं इथं आहे. मग इथं कुणीतरी बसायला नको?"