तीन महिन्यांनी बाबांची आंघोळ

"परतीचं तिकीट अलीकडचं मिळतं का रे, बघ जरा," असं बाबांनी तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा माझ्या बायकोने, मृणालने लॅपटॉप उघडला आणि गरम पाण्याचे झरे असलेलं एक जपानी पद्धतीचं विश्रामगृह बुक करून टाकलं. आमच्या घरात प्रश्न साधारण असेच सुटतात.

बाबा मिरजेहून इथे ऑकलंडला सहा महिन्यांसाठी आले होते. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्या रिकाम्या घरात एकटे काय करणार, म्हणून मीच हट्टाने आणलं. तीन महिन्यांत त्यांना मनोरे, मॉल, समुद्र, मेंढ्या, सगळं दाखवून झालं. प्रत्येक ठिकाणी ते "छान आहे" म्हणाले आणि घरी येऊन कॅलेंडरसमोर बसले. परत जायची घाई का, असं विचारलं तर म्हणायचे, "वीजबिल भरायचंय." ते बिल मी इथूनच फोनवर भरतो, हे त्यांना चांगलं माहीत आहे. म्हणजे माझ्याकडेच त्यांना राहायचं नाही, असं मी धरून चाललो होतो. खरं सांगतो, ते फार लागलं होतं.

शनिवारी आठच्या आत माउंट रॉस्किलचं घर सोडलं. तुम्हीही लवकर निघा, नाहीतर मोटरवेवर सगळं ऑकलंड तुमच्यासोबत सहलीला येतं. पुढे बॉम्बे नावाच्या टेकड्या लागतात. तिथे प्रत्येक मराठी गाडीत एकच विनोद होतो, आमच्याही गाडीत झाला. मर्सरजवळ नदी रस्त्याला येऊन चिकटते.

"ही कुठली?" बाबांनी विचारलं.

"वायकाटो."

"पाणी बरंय," ते म्हणाले. कृष्णाकाठच्या माणसाकडून ही मोठीच पावती होती.

टिराऊला पाय मोकळे केले. 'मीट पाय', म्हणजे खिम्याची भाजलेली कचोरी, खाणाऱ्यांना तिथे ती चांगली मिळते, बाबांनी घरचे धपाटे काढले. साडेतीन तासांचा रस्ता आम्ही पाच तासांत पार केला आणि टाउपोच्या अलीकडे एका फाट्यावरून आत वळलो.

आता मुक्कामाविषयी. चौघांचं एका रात्रीचं भाडं, दोन जेवणं धरून, आमच्या आठवड्याच्या घरभाड्याहून जास्त आहे. त्या पैशात आपल्याला काय काय मिळत नाही, याची यादी दारातच लावली आहे: टीव्ही नाही, वायफाय नाही, खुर्ची नाही, मोठ्याने बोलणं नाही. मालक गॅव्हिन हा गायी पाळणाऱ्या घरातला किवी. जपानात बरीच वर्षं राहून आला आहे. अंगात किमोनो आणि पायांत जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. कमरेत वाकून तो हळू आवाजात "किआ ओरा" म्हणाला, हा इथला नमस्कार. फोन टोपलीत जमा झाले. खोलीतल्या सपाता वेगळ्या, संडासातल्या वेगळ्या. बाबा म्हणाले, "हे तर तुझ्या आजीचं सोवळं."

"आजोबा, यू हॅव टू व्हिस्पर," आमची आठ वर्षांची इरा म्हणाली.

"का? आत कोणी आजारी आहे?"

कुंडात उतरण्याआधी गॅव्हिनने बाबांना आणि मला न्हाणीघरात नेऊन आंघोळीचा वर्ग घेतला. लाकडी पाट, लाकडी बादली, छोटं लाकडी भांडं. पाटावर बसायचं. भांड्याने खांद्यावरून पाणी घ्यायचं. अंग चोळायचं. परत पाणी. स्वच्छ झाल्याशिवाय कुंडात पाय ठेवायचा नाही. हे आंतरिक शांतीचं पहिलं पाऊल आहे, असंही तो म्हणाला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माझ्या वडिलांनी सगळं मान हलवत, नीट ऐकून घेतलं.

"हा मला आंघोळ शिकवतोय?" तो गेल्यावर त्यांनी विचारलं.

"हो."

"याचे वेगळे घेतो?"

"नाही, त्यातच आलं."

मग त्यांनी तिथला पातळ टॉवेल उलगडला, "हा पंचाच की," म्हणून कमरेला गुंडाळला आणि पाटावर मांडी घातली. पहिलं भांडं अंगावर पडलं आणि त्यांच्या तोंडून खणखणीत आवाजात सुरू झालं: गंगा, यमुना, गोदावरी. आंघोळीच्या वेळी नद्यांना बोलवायची त्यांची जुनी सवय. माझं लहानपणच त्या आवाजाने जागं व्हायचं. शेजारच्या कुंडावरून कोणीतरी "श्श" केलं. बाबा कावेरीपर्यंत जाऊनच थांबले. गरम कुंडात मात्र ते जेमतेम दोन मिनिटं बसले आणि "डाळ शिजायला ठेवल्यासारखं वाटतंय" म्हणत बाहेर येऊन पुन्हा पाटावर बसले. अर्धा तास.

जेवायला मऊ भात, लोणची, टोफू आणि कढणासारखं सूप होतं. आम्ही शाकाहारी म्हणून त्यातली मासळी वगळली होती, आधी कळवलं तर वगळतात. एरवी याला बाबा आजाऱ्याचं जेवण म्हणाले असते. त्या दिवशी त्यांनी दोनदा भात घेतला.

"तीन महिन्यांत पहिल्यांदा आंघोळ झाली," ते म्हणाले.

"बाबा, रोज तर करता," मृणाल म्हणाली.

"शॉवरच्या त्या काचेच्या कपाटात? उभ्याने घोड्याला धुतात. गुडघे लटपटतात, वरून पाणी डोळ्यांत. आंघोळ झाल्यासारखं वाटत नाही, मग दिवस सुरू झाल्यासारखं वाटत नाही."

मला पहिला आठवडा आठवला. त्यांनी बाथरूमच्या फरशीवर बादली घेऊन आंघोळ केली होती. इथल्या फरशीला मोरीसारखं पाणी जायला भोक नसतं. सगळं पाणी खालच्या गॅरेजात टपकलं, आणि त्याच आठवड्यात घरमालकाची तपासणी होती. मी त्यांना अर्धा तास समजावलं होतं: बाबा, इथे असं चालत नाही. त्यानंतर ते आंघोळीबद्दल एक शब्द बोलले नव्हते. मला लाज वाटली.

"मग बोलायचं नाही का?"

"तू म्हणालास ना, चालत नाही."

सकाळी गॅव्हिनने अदबीने विचारलं, "सर, काल तो कुठला मंत्र होता?"

"लिस्ट ऑफ रिव्हर्स," बाबा म्हणाले. आम्ही निघेपर्यंत दारातल्या कार्यक्रमांच्या फळ्यावर सकाळी दहाला 'नदी-ध्यान' लागलं होतं.

परतताना मर्सरला बाबांनी काच खाली केली. "तुमच्या नळाला पाणी कुठून येतं?"

"बरंचसं हिच्यातूनच."

त्यांनी मान वळवून नदी दिसेनाशी होईपर्यंत पाहिली.

वाटेत हार्डवेअरच्या दुकानातून प्लास्टिकचं बुटकं स्टूल आणि बादली घेतली. तांब्या मिळाला नाही, मृणालने स्वयंपाकघरातला मोजमापाचा जग दिला. काचेच्या कपाटात स्टूल बरोबर मावलं. पाणी जायला भोक तिथे होतंच, पहिल्या दिवसापासून. हे मला सुचायला मृणालला विश्रामगृह बुक करावं लागलं. तुम्ही जाणार असाल तर जरूर जा, पण आधी घरातल्या म्हाताऱ्यांना आंघोळीचं विचारून घ्या.

तिकिटाचा विषय त्यानंतर निघालेला नाही. मीही काढत नाही. सोमवारी सकाळी डबा भरताना बाथरूममधून बादलीवर जग आपटल्याचा आवाज आला आणि मागोमाग बाबांचा, खणखणीत. इराने दाराला कान लावला. गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू, कावेरी. तिथे ते थांबले. जग बादलीत बुडाला.

"वायकाटो," बाबा म्हणाले आणि पाणी ओतलं.