पाठ केलेला डोंगर

भाऊ बसल्या जागी दमायचे. ड्रॉइंग बोर्डावर वाकून ते डोंगराच्या रेघा काढत. सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या त्या बारीक, वळणदार रेघा जिथं एकमेकींना चिकटायला लागत, म्हणजे जिथं चढण उभी होई, तिथं भाऊंचा श्वास मोठा होई. मग ते निब पुसून ठेवत, स्टुलावर पाय वर घेत आणि म्हणत, "इथं जरा बसू." डोक्यावर खडखडणारा पंखा आणि खिडकीबाहेर लखनौचं सपाट ऊन. दोन मिनिटांनी "चला" म्हणून रेघ पुन्हा चढायला लागायची.

गंमत म्हणजे या माणसानं डोंगर पाहिलेला नव्हता. हिंगणघाटकडच्या काळ्या मातीत वाढलेले, तिथून थेट लखनौला नकाशांच्या दफ्तरात ड्राफ्ट्समन म्हणून आलेले. वीस वर्षं हिमालय काढला, पण लखनौच्या उत्तरेला कधी गेले नाहीत. मी अमरावतीहून नकाशे गिरवणारा ट्रेसर म्हणून रुजू झालो, तेव्हा माझं हिंदी ऐकून ते पलीकडच्या टेबलावरून उठून आले. "जय भीम. कुठला गा तू?" एवढंच विचारलं. संध्याकाळपर्यंत मला अलीगंजमध्ये त्यांच्या घरापासून तिसऱ्या गल्लीत खोली मिळाली होती आणि वहिनींच्या हातची भाकरी पानात पडली होती. निब कशी धरायची, रेघेच्या मध्यावर श्वास का सोडायचा नाही, हे सगळं त्यांनीच शिकवलं.

त्यांना प्रश्न फार पडत. फाटकावर एक पहाडी चौकीदार होता, त्याला त्यांनी भंडावून सोडलं होतं. नकाशात नदी दिसते, पण तिचा आवाज किती उंचीपर्यंत ऐकू येतो? बर्फाला वास असतो का? डाकबंगला म्हणून आपण जो काळा चौकोन काढतो, त्याची खिडकी कुठल्या बाजूला आहे? चौकीदार शेवटी कंटाळून म्हणाला, "बाबूजी, आप एक बार हो ही आइए." भाऊंनी ते मनावर घेतलं. तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते.

बेत असा होता, की बुद्धपौर्णिमा झाली की त्याच आठवड्यात निघायचं. छोट्या लाइनच्या, म्हणजे मीटरगेजच्या, गाडीनं डोंगराच्या पायथ्याचं काठगोदाम, बसनं बागेश्वर, आणि तिथून वर पायी. पाठीवर सामान घेऊन सात दिवस, जंगलातून थेट हिमनदीच्या तोंडापर्यंत. जायचं दोघांनी, भाऊ आणि मी. "एकट्यानं जाचं नाही. एक घसरला तर सांगाले दुसरा पाहिजे," हा त्यांचा नियम. कोण घसरणार, हे त्यांनी ठरवलं नव्हतं.

अडचण नकाशाची होती. सीमेजवळच्या डोंगरांच्या शीट दफ्तराबाहेर न्यायला बंदी होती, आणि भाऊ टाचणीसुद्धा घरी न नेणारे. त्यांनी वेगळाच मार्ग काढला. दुपारच्या चहाच्या वेळी ते शीटचा एक चौकोन, साधारण इंचभर, डोळ्यांनी पाठ करत. पोरं पाढे पाठ करतात तसे ओठ हलायचे. संध्याकाळी घरी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तो चौकोन पेन्सिलीनं उतरवायचा. दुसऱ्या दिवशी मूळ शीटशी मनातल्या मनात ताडून पाहायचा आणि रात्री चूक खोडायची. पावसाळ्यात सुरू केलेलं काम होळीला संपलं. "कागद नेला तर चोरी," ते म्हणायचे, "डोकं तर माझंच आहे." यात काही गैर असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही.

सामानाची तयारी वहिनींच्या स्वयंपाकघरात चाले. सत्तू, भाजलेलं पीठ, गूळ, शेंगदाणे, सगळं तराजूत. वजन कमी करण्यासाठी भाऊंनी दोघांत एकच चमचा ठरवला. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "एका चमच्यात दोघं जेवणार? मग लग्न याच्याशीच करायचं होतं." भाऊ विचार करून म्हणाले, "याले भाकरी येत नाही."

निशातगंजच्या एका शिंप्याकडून तंबूच्या कापडाच्या दोन पाठपिशव्या शिवून घेतल्या होत्या. त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या विटा भरून आम्ही रविवारी मलिहाबादच्या रस्त्यानं चालायचो. एकदा आंब्याच्या बागेच्या राखणदारानं अडवलं. पाठीवरच्या फुगलेल्या पिशव्या पाहून कैऱ्याच चोरल्या, अशी त्याची खात्री झाली. उघडून पाहिलं तर विटा. त्यानं एक वीट उचलून उलटसुलट करून पाहिली. "आम चुराने वाले तो बहुत देखे," तो म्हणाला, "ईंट घुमाने वाला पहली बार देखा." भाऊंनी त्याला आपला बेत समजावून सांगितला आणि उलट त्यालाच विचारलं, की दशहरीच्या झाडावर चढल्यावर किती दूरचं दिसतं. तासभर गप्पा झाल्या. परत येताना आमच्या पिशव्यांत खरोखरच कैऱ्या होत्या, त्यानंच दिलेल्या.

इथपर्यंत सगळं हसत सांगता येतं. पुढचं मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

चढण्याचा सराव म्हणून भाऊ मला एकदा बड्या इमामबाड्याच्या गच्चीवर घेऊन गेले. ते कठड्याशी उभे राहून गोमतीच्या दिशेनं काहीतरी दाखवत होते. मी कठड्यापासून चार हात लांब बसकण मारली होती. दोन्ही तळवे फरशीला घट्ट टेकवले होते. "ऊन लागलं," मी म्हणालो. भाऊंनी रुमाल भिजवून माझ्या डोक्यावर ठेवला. मला उंची सोसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तेवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण ज्या माणसानं मला खोली, भाकरी आणि हातातली निब दिली, त्याच्या आठ महिन्यांच्या बेतावर पाणी कसं फिरवायचं? मी रुमाल पिळून परत दिला. गप्प राहणं मला जन्मापासून जमतं. रजा नामंजूर झाली तर किती बरं, असं रोज वाटू लागलं.

नवे साहेब नियमाचे पक्के होते. आमचे दोन अर्ज पाहून त्यांनी मला आत बोलावलं. एकाच आठवड्यात दोघं कशाला, जाताय कुठं, असं विचारलं. मी सांगितलं. आणि कुणी न विचारता पुढं म्हणालो, की भाऊंनी सबंध शीट पाठ करून घरी नकाशा काढलाय, साहेब, हुबेहूब. सूर कौतुकाचा होता. पण त्या दफ्तरात दोन वर्षं काढलेल्या माणसाला त्या वाक्याचा अर्थ कळत नव्हता, असं मी आज तरी म्हणणार नाही. रजा नाकारली जाईल, एवढीच माझी अपेक्षा होती. त्याच दुपारी दोन माणसं अलीगंजला गेली आणि वहिनींसमोर भिंतीवरचं, पाठीवर नकाशा असलेलं कॅलेंडर काढून घेऊन आली.

चौकशी पावसाळाभर चालली. मी रोज त्यांच्या घरी असायचो, म्हणून मलाही बोलावलं. एका अधिकाऱ्यानं माझ्याकडे बोट करून भाऊंना विचारलं, की हाही नकाशा काढायला बसायचा का. भाऊंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "इसको तो अपने घर का नंबर याद नहीं रहता, साहब," ते म्हणाले, "नक्शा क्या याद रखेगा." अधिकारी हसले. मीही हसलो.

नोकरी गेली नाही. पण भाऊंच्या हातून निब गेली. त्यांना भांडारात बसवलं, शाईच्या बाटल्या आणि कागदाचे गठ्ठे द्यायला. त्यांचा बोर्ड मला मिळाला. मी शाई मागायला जायचो, ते बाटली पुसून द्यायचे आणि विचारायचे, "आज कुठवर पोचला?" मी सांगायचो. ते मान डोलवायचे. नऊ वर्षं असं चाललं. त्या नऊ वर्षांत उन्हाळ्याची रजा त्यांनी एकदाही मागितली नाही.

निवृत्त होऊन ते हिंगणघाटला गेले आणि दोन वर्षांत वारले. डोंगर पाहायचा राहूनच गेला.

ते लखनौ सोडून निघाले, त्या दिवशी मी सामान बांधायला गेलो होतो. वहिनी शेजाऱ्यांचा निरोप घ्यायला गेल्या होत्या. मी ट्रंकेला दोरी आवळत होतो. भाऊ पलंगावर बसून पाहत होते. एकाएकी म्हणाले, "एक विचारू? साहेबानं मले चौकशीच्या आधीच नकाशाची खबर देणारा म्हणून तुझं नाव सांगितलं होतं. ते जाऊ दे. पण एक गोष्ट मले अजून समजली नाही. तुले डोंगरावर याचं नव्हतं, तर मले काहून नाही सांगितलं?"

आवाजात राग नव्हता. बर्फाला वास असतो का, हे चौकीदाराला विचारताना जसा असायचा, तसाच तो होता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी दोरी सोडली. म्हणालो, "मला उंचीची भीती वाटते, भाऊ. इमामबाड्यावर ऊन लागलं नव्हतं."

भाऊंनी पलंगावर पाय वर घेतले.

"एवढंच?" ते म्हणाले. "मग खालच्या डाकबंगल्यावर थांबला असता तू. मी वर जाऊन आलो असतो, अन् आल्यावर तुले सगळं सांगितलं असतं, कसं दिसते ते."