साठावर अडलेला पडदा

शाळेत मी चौथीपर्यंत गेलो. पण वलगावच्या आसपासच्या विहिरींवरच्या अर्ध्या मोटरी मी माझ्या हातानं, तांब्याची तार गुंडाळून, भरल्या आहेत. जळलेली मोटर माझ्याकडं आली आणि तशीच परत गेली, असं सांगणारा माणूस अजून भेटला नाही. भेटला असता तरी मी ऐकून घेतलं नसतं, ही गोष्ट वेगळी.

म्हणून नातीनं संगणकाचा मोठा पडदा घ्यायचं काढलं, तेव्हा मी सांगून टाकलं, घ्यायचा तर अकोल्यातून. तिथल्या दुकानदाराच्या बापाची कापसाची जिनिंग होती आणि तिथल्या मोटरी मीच भरायचो. नात अमरावतीला इंजिनिअरिंग शिकते, उरलेल्या वेळात खेळते. खेळ म्हणजे पाच पोरी आपापल्या घरी बसून एकाच लढाईत बंदुका घेऊन पळतात. येत्या रविवारी त्यांचा सामना होता.

पडदा आला. दुसऱ्या दिवशी ती कॉलेजात गेली आणि खोका माझ्यासमोर राहिला. मी जोडून टाकला. संध्याकाळी ती येऊन बसली, माउस हलवला आणि तिचं तोंड उतरलं.

"आबा, हा एकशे पासष्टचा पडदा हाय. साठच दाखवून राहिला."

"साठ काय?"

"हर्ट्झ. एका सेकंदात किती वेळा चित्र बदलते ते."

हर्ट्झ मला कोणी शिकवू नये. "आपल्या लाईनीत पन्नास हर्ट्झ येते," मी म्हणालो. "पन्नास घेऊन साठ देऊन राहिला बिचारा. दहा वरून देते, आन तू त्याच्यावरच रुसली."

ती हसली नाही. सेटिंग पाहिली, ड्रायव्हर नवा टाकला, सगळं बंद करून चालू केलं. यादीत साठाच्या वर आकडाच नव्हता.

"वायर खोक्यातलीच लावली ना तुमी?"

"चाळीस वर्षं वायरीत गेले माहे. आन तू मले वायर विचारून राहिली."

हे उत्तर नव्हतं, पण उत्तरासारखं ऐकू आलं. ती मागं वाकून पाहू लागली, पण टेबल भिंतीला चिकटलेलं आणि वायरीवर मी मोटरीच्या गुंडाळीसारखी कापडी पट्टी गच्च आवळलेली. दिसणार काय?

तेवढ्यात सूनबाई स्वयंपाकघरातून बोलली, "स्वतःले दिसत नाई, आन जोडाजोडी करतेत." माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दोन वर्षांपासून मी डॉक्टरला कधी उन्हाळा, कधी थंडी सांगून टाळत होतो.

मला राग आला. "फॉल्ट मालात हाय," मी म्हणालो. "शनिवारपर्यंत एकशे पासष्ट करून देतो. नाई झाले, तं सोमवारी ऑपरेशनले येतो."

"आन झाले तं?" नातीनं विचारलं.

"तं या घरात माह्या डोयाचं नाव निघनार नाई."

तिनं हात पुढं केला. मी टाळी दिली.

शुक्रवारी पडदा वाकळीत गुंडाळला, सुतळीनं बांधला आणि अकोल्याची एसटी धरली. खिडकीची जागा पडद्याला दिली. कंडक्टर म्हणाला, "काकाजी, पंच्याहत्तरीच्या वर म्हनून तुमाले फुकट हाय. याचं तिकीट?"

"हाही म्हताराच हाय. साठाच्या वर जात नाई."

"मंग अजून पंधरा वर्षं थांबा म्हना," तो म्हणाला आणि पुढं गेला.

दुकानदारानं पडदा आपल्या वायरीनं जोडला. पहिल्या दमात एकशे पासष्ट. मग माझ्या पिशवीतली वायर हातात घेऊन तिची पट्टी सोडली.

"काकाजी, हे तं डिशच्या डब्याची जुनी वायर. एवढ्या वेगाचं चित्र हिच्यातून जात नाई. दहा हॉर्सपॉवरच्या मोटरले तुमी घंटीची वायर लावली."

जिनिंगवाल्याचं पोरगं. बरोबर दुखेल तिथं बोट ठेवलं.

"खोक्यात जाड नवी वायर होती. ते कुठं गेली?"

ती कुठं आहे, हे जगात एकट्या मला माहीत होतं. आमच्या घराची रीत अशी की नवी वस्तू आली की आधी ठेवायची आणि जुनी वापरायची. नवी सतरंजी पाहुण्यांची, नवे कप जावयाचे. ती वायर इतकी जाड, इतकी काळीभोर, पिशवीत बंद, की तिला भिंतीमागं धुळीत टाकायला जीव झाला नाही. डिशची वायर घरात पडून होती, ती पडद्याला बसली. नवी मी माझ्या पत्र्याच्या पेटीत, धोतराखाली ठेवली होती.

"उंदरानं नेली," मी म्हणालो.

"एवढी मोठी वायर?"

"वलगावचे उंदीर हायेत. त्याहिले नवंच लागते."

"मंग ही घेऊन जा."

"नोको. घरी हाय."

"उंदराजवळ?"

"मागून घेईन."

शनिवारी दुपारी घरात कोणी नसताना पेटी उघडली, वायर बदलली आणि वरून पट्टी आवळली. नात आली, तिनं यादी उघडली. एकशे पासष्ट.

"काय होतं, आबा?"

"आतून ढिला होता. कसून टाकला."

ती टेबलामागं वाकली, दोनदा हुंगलं आणि सरळ झाली. "जिंकले तुमी," एवढंच म्हणाली. मग मला खुर्चीवर बसवलं. "आता फरक तं पाहा. पडद्यावरचा बाण कसा पळते?"

"लोण्यासारखा."

"मी अजून माउसले हात नाई लावला."

स्वयंपाकघरात सूनबाईच्या हातून काहीतरी पडलं. हसण्यानंच पडलं असावं.

पण पोरगी शब्दाची पक्की. तिनं डोळ्याचं नाव काढलं नाही, सूनबाईला काढू दिलं नाही. तेच मला जड गेलं. रविवारी सामना झाला, सगळं घर तिच्यामागं बसलं. पडद्यावर पळणाऱ्यांत आपली कोणती, ते मला कळेना. सगळे "वाचली" म्हणाले, की मी मागून "वाचली" म्हणायचो. एकदा मी म्हणालो तेव्हा ती मेली होती.

सोमवारी सकाळी धुतलेलं धोतर नेसून मी सूनबाईला म्हणालो, "चाल अमरावतीले."

"कायले?"

"डोया दाखवाले."

"पैज तं तुमी जिंकली."

"जिंकलो म्हनून तं चाललो. हरून गेलो असतो तं तुमी जन्मभर सांगत बसले असते."

पुढं महिन्याभरानं, एका डोळ्याची पट्टी सुटल्यावर, नातीनं बाण खरोखर फिरवला. आधी साठ, मग एकशे पासष्ट. फरक आहे. अकोल्याला जाऊन येण्याएवढा नाही, पण आहे.

"आबा," ती हळूच म्हणाली, "त्या वायरीले अजून डांबरगोळ्याचा वास येते. तुमच्या पेटीसारखा."

"ऑपरेशन डोयाचं झालं, माय," मी म्हणालो. "नाकाचं नाई. मले काही वास येत नाई."